सत्तरीनंतरचे लायसन्स

लायसन्सच्या नूतनीकरणाच्या अर्जात ज्येष्ठ चालकाचा हात जिथे थबकावा असा एकच भाग असतो, आणि तो म्हणजे प्रकृतीविषयीचे स्वयंघोषणापत्र. नाव, पत्ता आणि छायाचित्र ही सारी कारकुनी बाब आहे. परंतु आपल्याला अचानक चक्कर येते का, भुरळ येते का, रातांधळेपणा आहे का, अशा प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहिताना मी या वेळी बराच वेळ घेतला. मला रातांधळेपणा नाही, हे खरेच आहे. मात्र पावसाळी रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की पुढचे काही क्षण रस्त्याची कडा दिसेनाशी होते, हेही तितकेच खरे आहे, आणि ते लिहायला अर्जात जागा नाही. तिथे फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहायचे असते.

निरनिराळ्या देशांनी हा प्रश्न निरनिराळ्या रीतीने हाताळला आहे. भारतात चाळिशीनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि पंचावन्नाव्या वर्षापासून परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, परंतु त्यासाठी डॉक्टरांची सही लागत नाही, चालकाने स्वतः दिलेली माहिती ग्राह्य धरली जाते. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर स्मरणशक्ती आणि आकलन यांची चाचणी द्यावी लागते. म्हणजे कोणी डॉक्टरांवर विसंबते, कोणी चाचणीवर, तर कोणी चालकाच्या प्रामाणिकपणावर.

या सर्वांत दृष्टीच्या तपासणीला मान मोठा आहे, परंतु ती बहुधा तक्त्यावरची अक्षरे वाचण्यापुरती असते. ब्रिटनमध्ये दिवसाउजेडी वीस मीटरवरची नंबर प्लेट वाचता येणे पुरते आणि भारताच्या अर्जात हेच अंतर पंचवीस मीटर आहे. वयाचा परिणाम मात्र दिवसाउजेडी फारसा जाणवतच नाही. बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि नेत्रभिंग पिवळसर होत जाते, त्यामुळे साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो. दिपलेले डोळे पूर्ववत व्हायलाही अधिक वेळ लागतो. काचबिंदूची तऱ्हा आणखी निराळी आहे. त्यात नजर कडेने कमी होत जाते, मेंदू ती उणीव आपल्या परीने भरून काढतो, आणि तक्त्यावरची शेवटची ओळ अचूक वाचणाऱ्या माणसाला आपल्या डाव्या-उजव्या बाजूचे काही निसटते आहे याचा पत्ताही नसतो. मोतीबिंदूच्या बाबतीत तरी बातमी चांगली आहे. सिंथिया ओस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे आढळले की, शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ज्येष्ठ चालकांचे अपघाताचे प्रमाण ती न करून घेतलेल्यांच्या जवळपास निम्मे होते. शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे पुढे ढकलणाऱ्या माझ्या मित्रांना मी हा आकडा आवर्जून सांगत असतो. ते ऐकत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

ज्येष्ठांचे अपघात तरुणांसारखे भरधाव वेगातून फारसे होत नाहीत. ते चौकात होतात, विशेषतः समोरून येणारी वाहने ओलांडून वळताना, कारण तिथे येणाऱ्या वाहनाचा वेग, अंतर, पादचारी आणि सिग्नल या सर्वांचा हिशेब एकाच वेळी करावा लागतो. त्यातही ज्येष्ठांच्या मृत्यूंचा आकडा मोठा दिसण्याचे एक कारण चालवण्यात नसून शरीरात आहे. ज्या धडकेतून तरुण माणूस खरचटून बाहेर पडतो, तीत म्हाताऱ्याच्या बरगड्या मोडतात.

मग सरसकट कडक तपासणी लावावी काय? फिनलंडमध्ये सत्तरीनंतर वैद्यकीय तपासणी सक्तीची होती आणि शेजारच्या स्वीडनमध्ये तशी कोणतीच अट नव्हती. 1990च्या दशकात संशोधकांनी दोन्ही देशांची तुलना केली, तेव्हा फिनलंडच्या ज्येष्ठ चालकांचे अपघात काही कमी आढळले नाहीत. उलट पायी चालणाऱ्या ज्येष्ठांचे मृत्यू तिथे अधिक होते. संशोधकांचा तर्क असा की परवाना गेलेली किंवा आपणहून सोडून दिलेली माणसे पायी रस्त्यावर आली, आणि म्हाताऱ्या माणसाला गाडीच्या आत असण्यापेक्षा गाडीसमोर असणे अधिक धोक्याचे असते. डेन्मार्कने तर केवळ वयामुळे लागू होणारी वैद्यकीय तपासणीची अट 2017 मध्ये रद्दच केली.

या साऱ्यावरून माझे मत असे बनले आहे की वयाला धरून परवाना द्यायचा की काढून घ्यायचा, हा प्रश्नच अपुरा आहे. किती चालवावे, केव्हा आणि कुठे, हे विचारले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये पंच्याऐंशीनंतर रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते, परंतु ती नको असल्यास घराच्या आसपासच्या ठरावीक अंतरापुरता मर्यादित परवाना घेता येतो. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते, कारण औषधे आणण्यापुरते आणि बहिणीला भेटण्यापुरते चालवणाऱ्या माणसाला महामार्गाची परीक्षा देण्याची गरज नाही, आणि त्याला घरी बसवण्याचीही नाही.

अशी सोय सर्वत्र नसल्यामुळे ती मी स्वतःपुरती करून घेतली आहे. अंधार पडल्यावर मी गाडी काढत नाही, आणि अवघड चौक टाळण्यासाठी लांबचा रस्ता घ्यावा लागला तरी घेतो. नेत्रतज्ज्ञांकडे गेलो की चष्म्याच्या नंबराबरोबर दृष्टिक्षेत्राची तपासणीही मागून घेतो, कारण ती सहसा आपणहून कोणी सुचवत नाही. सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांची गुंगी आमच्या वयात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकू शकते, म्हणून नवे औषध सुरू करताना ते घेऊन गाडी चालवता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारतो. शिवाय माझ्या मुलीला मी सांगून ठेवले आहे की वर्षातून एकदा तिने शेजारी बसून माझे चालवणे पाहावे आणि जे दिसेल ते बोलावे. यंदा तिने एवढेच सांगितले की वळण्याआधी मी आरशात पाहतो, पण मान वळवत नाही. मानेचे दुखणे जुने आहे. फिजिओथेरपिस्टकडे व्यायाम सुरू केले आहेत आणि दोन्ही बाजूंना रुंद आरसे बसवून घेतले आहेत.