राजगड फिल्म: स्कॅन नवे, कीफ्रेम जुन्याच, आणि बाण एकदाचे जागेवर

राजगडावरच्या निगेटिव्हच्या फोटोंवरून मी जी फिल्म जोडतोय, तिच्यातला संजीवनी माचीचा शॉट काल रात्री जमला. फोटो नवा, कीफ्रेम (झूम-पॅन कुठून कुठे जावा हे ठरवणाऱ्या खुणा) जुन्याच, आणि 'चिलखती बुरूज' लिहिलेल्या बाणाचं टोक बरोबर बुरुजावर टेकलंय. मागची नोंद वाचलेल्यांना आठवत असेल, स्कॅन बदलल्यापासून हा बाण शेजारच्या आभाळाकडे बोट दाखवत होता.

नव्यांसाठी दोन ओळी. फिल्मची सगळी टाइमलाइन लॅबच्या स्कॅनवर बांधलेली आहे, १८१८×१२२८ पिक्सेल. १०८० उंचीच्या फ्रेममध्ये असा फोटो जेमतेम १.१४ पट झूम सोसतो, त्यापुढे नुसतं ताणणं. सुवेळा माचीच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसलेला मित्र त्यामुळे चार ठिपक्यांचाच दिसायचा. म्हणून निगेटिव्ह मी स्वतः कॅमेऱ्याने पुन्हा टिपायला घेतल्या: २४ मेगापिक्सेलची बॉडी, मॅक्रो लेन्स, खाली एलईडी पॅनल, आणि निगेटिव्हचे रंग उलटवायला डार्कटेबल या फोटो सॉफ्टवेअरमधलं निगाडॉक्टर. पॅनल घेताना सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ च्या वरचाच घ्या. स्वस्त पॅनलवर लाल रंग मरतो आणि नंतर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग सुधारताना, कितीही झटलं तरी तो परत येत नाही.

फोटो बदलण्याचं काम रिझॉल्व्हमध्ये (मी वापरतो ते व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) सोपं आहे. मीडिया पूलमध्ये क्लिपवर राइट क्लिक, 'रिप्लेस सिलेक्टेड क्लिप', नवी फाइल निवडा, झालं. तो फोटो टाइमलाइनवर जिथे जिथे वापरलाय तिथे तिथे बदलतो. झूम, पॅन, ग्रेड, ट्रान्झिशन सगळं शाबूत. 'स्केल एन्टायर इमेज टू फिट' चालू असेल तर झूम १.०० म्हणजे फ्रेममध्ये मावलेला फोटो, मग फाइल केवढीही असो. प्रीमियर हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ऑल्ट दाबून नवी फाइल टाइमलाइनवरच्या क्लिपवर सोडायची, इफेक्ट टिकतात. पण तिथे स्केल मूळ फाइलच्या टक्क्यात असतं, त्यामुळे तिप्पट मोठा फोटो पडद्यावरही तिप्पट मोठा होऊन येतो. तेवढं सांभाळा.

आणखी एक सांगून ठेवतो. कॅमेऱ्याच्या फाइल ओळीने क्रमांकाच्या असतात, त्यामुळे रिझॉल्व्ह त्यांना इमेज सीक्वेन्स धरून एकच क्लिप करतं. ३६ फोटोंचा रोल सेकंदाला २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर दीड सेकंदात संपतो! मीडिया पेजवर तीन ठिपक्यांच्या मेनूत 'फ्रेम डिस्प्ले मोड' आहे, तो 'इंडिव्हिज्युअल'वर करा आणि मगच फोटो आत घ्या.

आता खरं दुखणं. कीफ्रेम टिकल्या, पण फोटोतली जागा हलली. निगेटिव्ह ३६×२४ मिलिमीटरची, म्हणजे ३:२. लॅबचं मशीन चारी कडा थोड्या कापतं आणि १.४८ च्या प्रमाणाचा फोटो देतं. माझ्या स्कॅनमध्ये पूर्ण फ्रेम आहे, वर छिद्रांची किनारही दिसते. म्हणजे फोटो तोच, पण त्यातली प्रत्येक गोष्ट तीन-चार टक्के लहान. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मध्यापासून फ्रेमच्या उंचीच्या तीन दशांश अंतरावरची गोष्ट अडीच पट झूमला तीन टक्क्यांनी २४ पिक्सेल हलते. कापणी वर-खाली सारखी नसेल आणि मध्यच एक टक्का घसरला असेल, तर आणखी २७. नुसत्या निसर्गचित्रात हे कुणाच्या लक्षात येणार नाही. बाण आणि नाव असलेल्या शॉटमध्ये मात्र बुरुजाचं नाव तटबंदीला लागतं, आणि किल्ल्याच्या फिल्ममध्ये हे चालवून घेणं मला मंजूर नाही.

शिवाय कापणी दर फोटोला वेगळी. त्यामुळे सगळ्यांना एकच आकडा लावून भागत नाही. रिझॉल्व्हच्या इन्स्पेक्टर पॅनलमध्ये एकेक कीफ्रेम सरकवायला घेतली, तर पहिली बसते तोवर शेवटची हलते आणि मधला वेग बिघडतो. जिंप या फोटो एडिटरमध्ये जुना स्कॅन मोठा करून नव्यावर 'डिफरन्स' मोडमध्ये (दोन थरांतला फक्त फरक दिसतो) ठेवायचा आणि सगळं काळं होईपर्यंत सरकवायचं, हा उपाय अचूक आहे. पण अख्ख्या फिल्मला तो पुरवणं अशक्य.

तेव्हा वाटलं, हाताने जे करतोय तेच गणिताने का नको? टाइमलाइनला जुन्या स्कॅनचीच चौकट हवी आहे, तर नवा फोटो त्या चौकटीत बसवून द्यावा. पायथन भाषेत, ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी लायब्ररी घेऊन, छोटी स्क्रिप्ट लिहिली. दोन्ही फोटोंची आठ बिटांची करडी प्रत घ्यायची, सिफ्टने खुणेचे बिंदू शोधायचे, जोड्या लावायच्या, रॅन्सॅकने चुकीच्या जोड्या गाळायच्या आणि उरलेल्यांवरून चारच गोष्टी काढायच्या: किती मोठं, किती फिरवलेलं, किती आडवं, किती उभं सरकलेलं. मग मूळ सोळा बिटांची फाइल त्या हिशोबाने बसवून ५४५४×३६८४ मध्ये लिहायची. हा आकार जुन्या स्कॅनच्या बरोब्बर तिप्पट आहे, प्रमाण तंतोतंत तेच, म्हणून रिझॉल्व्हला फरक कळतच नाही. सिफ्टचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि ते ४.४ पासून मुख्य ओपनसीव्हीत आलं, वेगळं काही बसवावं लागत नाही. लक्षात ठेवा, ओपनसीव्ही फाइल लिहिताना कलर प्रोफाइल टाकून देतं. डार्कटेबलमधून आधीच एसआरजीबी या नेहमीच्या कलर प्रोफाइलमध्ये काढा.

संजीवनीची दुहेरी तटबंदी सिफ्टला फार मानवली. दगडादगडावर बिंदू सापडले, बाण पहिल्याच झटक्यात बसला. पावसाळ्यातले धुक्याचे फोटो अडले, कारण धुक्यात खूण अशी नसतेच. आधी क्लाहे नावाच्या पद्धतीने कॉन्ट्रास्ट उठवला आणि सिफ्टची कॉन्ट्रास्टची अट ०.०४ वरून ०.०१ वर आणली, तेव्हा बहुतेक सुटले. उरलेले जिंपमध्ये हाताने बसवले.

नेढ्याचे दोन फोटो मात्र काही केल्या जुळेनात. उजेड स्वच्छ, कातळ खरबरीत, बिंदू हजारोंनी, आणि जोड्या शून्य. शेवटी दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून पाहिले तर लॅबचा स्कॅन आरशातला निघाला! निगेटिव्हची पट्टी तिथे उलट्या बाजूने घातली गेली होती. पुरावा माझ्या स्कॅनच्या किनारीवर आहे: १७ए हा क्रमांक आणि कंपनीचं नाव सरळ वाचता येतं, म्हणजे दृश्यही सरळ आहे. लॅबच्या कापणीत नेमकी ही किनार गेलेली. आरशातलं चित्र सिफ्ट ओळखत नाही, म्हणून जोड्या लागत नव्हत्या. जुना स्कॅन उलटवून दिला आणि लगेच जुळलं.

मग प्रश्न आला कीफ्रेमचा. नवा फोटोही उलटवून दिला असता तर टाइमलाइनला हातसुद्धा लावावा लागला नसता. पण नेढं डावीकडचं उजवीकडे दाखवणारी फिल्म मी कुणाला दाखवणार नाही. फोटो सरळ ठेवला आणि त्या दोन क्लिपच्या प्रत्येक कीफ्रेमला पॅनच्या एक्सचं चिन्ह उलटं केलं. वाय आणि झूम तसेच. रोटेशन वापरलेलं असेल तर त्याचंही चिन्ह फिरवा. नावं नव्या बाजूला नेली. आता कॅमेरा नेढ्याकडे सरकतो तेव्हा मित्राच्या मांडीवरची पाण्याची बाटली दिसते. मी ती क्लिप पुन्हा पुन्हा चालवून पाहिली.

हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलंय. लॅबने कापलेल्या कडा मी स्क्रिप्टमध्ये पुन्हा कापतोय, आणि पद्मावती देवळासमोरच्या एका फोटोत त्या कडेवर ताकाचा पेला पुढे करणारा हात आहे. तो गमवायचा नाही. कंपाउंड क्लिपचा (क्लिप गुंडाळून तिची नवी क्लिप करण्याचा) विचार केला होता, पण ती टाइमलाइनच्याच रिझोल्यूशनची होते आणि झूमसाठी कमावलेले पिक्सेल वाया जातात. त्यापेक्षा कलर पेजवरच्या साइझिंगमधलं 'इनपुट साइझिंग' बरं. इन्स्पेक्टरमधल्या कीफ्रेम 'एडिट साइझिंग'च्या; इनपुट त्यांना न शिवता वेगळं बसतं. स्क्रिप्टने काढलेले चार आकडे तिथे भरले तर पूर्ण फोटो वापरता येईल, नव्या प्रती लिहायलाच नकोत आणि डिस्कही वाचेल. स्क्रिप्टला आता फोटोऐवजी आकड्यांची यादी काढायला लावतो. सुरुवात त्या ताकाच्या फोटोपासून, मग बालेकिल्ल्याचा रोल. तोवर कॅशे (रिझॉल्व्हने आधी बनवून ठेवलेल्या फ्रेम) पुसायला विसरू नका: प्लेबॅक मेनूत 'डिलीट रेंडर कॅशे', 'ऑल'.