तो गोळीचा गेम

गेल्या महिन्यात बाबांचं मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन झालं. काळा चष्मा उतरला आणि तिसऱ्याच दिवशी फर्मान निघालं, "तो गोळीचा गेम लावून दे रे मला."

गोळीचा गेम म्हणजे पिनबॉल. दट्ट्याने गोळी टेबलावर उडवायची आणि खालच्या दोन फळ्यांनी ती वर टोलवत ठेवायची. विंडोज एक्सपीबरोबर आपसूक यायचा तो, 'स्पेस कॅडेट'. बाबा तेव्हा साताऱ्याला बँकेत होते. संध्याकाळी कॅश टॅली होईपर्यंत थांबावं लागायचं, त्या वेळात ते मॅनेजरच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर गोळी उडवायचे. डाव्या करंगळीने झेड, उजव्या करंगळीने तिरकी रेघ, अंगठ्याने स्पेसबार. टायपिंगच्या परीक्षा दिलेला माणूस, त्यामुळे करंगळ्या हुकमी. पुढे घरी कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी तपासलं ते हेच, की गोळी आहे का.

"बाबा, मोबाइलवर याहून दहापट छान गेम आहेत."

"मला छान नकोय. तो हवाय."

विषय संपला. माळ्यावरून जुना सीपीयू उतरवला. (आमच्या घरी त्या पत्र्याच्या डब्याला सीपीयूच म्हणतात, आणि मी आता दुरुस्त करणं सोडून दिलंय.) आत धुळीची गादी. हार्डडिस्क चपट्या रुंद केबलवाली, तिला आजच्या लॅपटॉपची ओळख करून द्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक कन्व्हर्टर आणला. डिस्क दोनदा कण्हली, मग किर्र करत फिरायला लागली. पिनबॉलचं फोल्डर सापडलं. उचललं, नव्या लॅपटॉपवर ठेवलं, दोनदा क्लिक केलं आणि चक्क उघडलं!

उघडलं, पण पोस्टकार्डाएवढं. हा गेम काढला तेव्हाच्या पडद्यावर जेवढे ठिपके होते, त्याच्या कित्येक पट आजच्या पडद्यावर असतात. त्यामुळे टेबल मावलं एका कोपऱ्यात आणि गोळी दिसेना. नवे डोळे करून आणलेल्या माणसाला हे दाखवायचं कसं? मग प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, ६४०×४८० वर खूण. पडदा भरला, पण रुंदीत ताणला गेला आणि गोळी झाली लंबगोल, थेट बाळहिरड्यासारखी. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रमाण पक्कं केलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, मधे टेबल, गोळी गोल. अर्धा रविवार गेला.

या पिनबॉलची एक गोष्ट मला फार आवडते. मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन यांनी ती लिहून ठेवली आहे. ६४ बिटच्या, म्हणजे एका घासात मोठे आकडे गिळणाऱ्या नव्या बांधणीच्या विंडोजसाठी हा गेम नव्याने बांधायला घेतला, तर गोळी भुतासारखी सगळ्यातून आरपार जायला लागली. खेळ सुरू केला की दट्ट्याशी यायची, दट्ट्यातून सावकाश खाली सरकायची आणि टेबलाच्या बाहेर पडायची. कोड बाहेरच्या कंपनीने काही वर्षांपूर्वी लिहिलेला, त्यात कुठे काय आहे याच्या टिपा जवळजवळ नाहीतच. दोष सापडेना, म्हणून गेमच वगळला. चेन यांनी त्याचा आणखी एक रोग बरा केला होता. हा गेम यंत्राला झेपेल तितक्या वेगाने चित्रं काढत बसायचा. यंत्रं वेगवान होत गेली, तसा हा नुसता एक गोळी हलवायला अख्खा प्रोसेसर खायला लागला. त्यांनी सेकंदाला १०० चित्रांची वेसण घातली आणि प्रोसेसरवरचा भार टक्क्यावर आला.

वेगाचं हे दुखणं जुनं आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झचा. त्या काळचे कित्येक गेम घड्याळ बघायचेच नाहीत. यंत्राला अमुक आकड्यापर्यंत मोजायला लावायचे आणि तेवढा वेळ गेला असं धरायचे. म्हणजे आजी शिटीऐवजी रामरक्षा म्हणून डाळीचा अंदाज घ्यायची, तसं. पण म्हणणारा घाईतला निघाला की डाळ कच्ची! यंत्रं वेगवान झाली आणि गेम सुसाट सुटले. म्हणून मग डब्यावर 'टर्बो' नावाचं बटण आलं. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग यंत्राला हळू करायचा. १९९० चा 'विंग कमांडर' पुढच्या वेगवान यंत्रांवर असा पळायचा, की शत्रूचं विमान दिसेपर्यंत आपण खलास.

त्याच डिस्कवर माझा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' निघाला. आता हा मोह कोण सोडणार? दोनदा क्लिक केलं. हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालणार नाही, असा निरोप आला. प्रिन्स १६ बिटचा, म्हणजे फार जुन्या बांधणीचा, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये त्याला थाराच नाही. अशांसाठी डॉसबॉक्स आहे. हा प्रोग्रॅम नव्या यंत्राच्या पोटात एक खोटं जुनं यंत्र उभं करतो, कंट्रोल आणि एफ-११ दाबलं की ते आणखी मंद होतं. अब्जावधी गणितं करणाऱ्या लॅपटॉपला मी रविवारी दुपारी तीन वाजता मठ्ठपणा शिकवत बसलो होतो. आणि मग तो प्रिन्स धावला. जॉर्डन मेकनर यांनी सख्ख्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून, त्याचं चित्रीकरण करून त्यावरून हा प्रिन्स काढला. म्हणून तो कड्यावरून लोंबकळतो तेव्हा अजून खांदे दुखतात.

पहिल्या पातळीनंतर बाटल्यांची एक खोली असते. गेमबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं अक्षर बघून नेमकी बाटली प्यायची, म्हणजे गेम विकत घेतलाय हे सिद्ध होतं. अशी खोली असते, हे मला चाळिशीत कळलं. आमच्या फ्लॉपीवर कुणा परोपकारी आत्म्याने ती आधीच उडवली होती.

"झालं का तुझं?" बाबा मागे येऊन उभे.

खुर्ची दिली. त्यांनी चष्मा सारखा केला, दोन्ही करंगळ्या जागेवर नेऊन ठेवल्या. स्पेसबार दाबून धरला, सोडला. गोळी वर गेली, तीन ठिकाणी आपटली, आवाज तेच सगळे, आणि दोन फळ्यांच्या मधून सरळ खाली. दुसरी गोळी डावीकडून गेली. तिसऱ्या गोळीला उजवी करंगळी उचलली गेली, पण गोळी गेल्यावर.

"पूर्वीपेक्षा पळतोय का रे हा?"

मी जुना सीपीयू टीव्हीला जोडून त्यावर हाच गेम सकाळी चालवून पाहिला होता. दोन्हीकडे वेग अगदी सारखा.

"हो ना," मी म्हणालो. "नवा लॅपटॉप आहे, जरा फास्टच आहे."

"तरीच," म्हणाले, आणि नव्या डावासाठी एफ-टू दाबलं.