अखेर वायफाय लागलं

आज सुट्टीचे चार तास एका ओळीपायी गेले. जुन्या लॅपटॉपवर ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत कर्नलचे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचे, संदेश सरकत होते, त्यात 'आयडब्ल्यूएम-०' हे वायफाय कार्डाचं नाव दिसलं आणि जीव भांड्यात पडला. कार्ड ओळखलं होतं! पण लगेच पुढे: फर्मवेअरची फाइल वाचता आली नाही.

इथे मी बराच वेळ भलतीकडेच शोधत राहिलो. वाटलं, कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नाही. खरं तर ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. कार्डाच्या आत चालणारं फर्मवेअर मात्र परवान्याच्या अटींमुळे इन्स्टॉलरसोबत येत नाही, ते नेटवरून उतरवावं लागतं. आणि नेट तर त्याच कार्डावर अवलंबून! या लॅपटॉपला लॅन केबलचं पोर्टही नाही.

वाट दाखवली मॅन पेजनं, म्हणजे सिस्टीमसोबतच येणाऱ्या मॅन्युअलनं. (इतकी नेटकी, जीव लावून लिहिलेली मॅन्युअल्स मी फार कमी पाहिलीत.) अँड्रॉइड फोन यूएसबीनं जोडला, टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू केलं, तर फोनची जोडणी 'यूआरएनडीआयएस-०' या नावानं लगेच हजर. आयएफकॉन्फिग या कमांडनं तिला आयपी पत्ता मिळवून दिला, फर्मवेअर उतरवणारी 'एफडब्ल्यू अपडेट' ही कमांड चालवली आणि फाइल जागेवर बसली. रीबूट. मग नेटवर्कच्या सेटिंगच्या हॉस्टनेम फाइलमध्ये दोन ओळी: एकीत वायफायचं नाव नि पासवर्ड, दुसरीत 'आयनेट ऑटोकॉन्फ', म्हणजे आयपी पत्ता आपोआप घे.

'स्टेटस: अ‍ॅक्टिव्ह' हे शब्द उमटले तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. आईला हाक मारून स्क्रीन दाखवली. ती चष्मा लावून सगळं वाचत राहिली, मग म्हणाली, "लागलं ना? चल, पानं घेते."