बिनपगारी दिवाणजी

सोमवार, १६ जून २०२५

काल दुपारी आमच्या बॉस्टनच्या रेड सॉक्सनी बेसबॉलमध्ये न्यूयॉर्कच्या यांकीजना २-० हरवलं. आमच्या फेनवे मैदानावरच्या तिन्ही मॅचेस खिशात. आमचा पिचर (म्हणजे बोलर) बेयो, त्यानं सात इनिंग्ज टाकल्या, एक रन दिला नाही. आमचा बॅटर डेव्हर्स, त्यानं त्यांचा पिचर मॅक्स फ्रीडला होमरन मारला, तो चौकोन मी स्कोअरवहीत नेहमीसारखा पेन्सिलनं गच्च भरला. जेवणं व्हायच्या आत बातमी आली: डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेला. बदल्यात जॉर्डन हिक्स, काइल हॅरिसन, जेम्स टिब्स आणि होसे बेयो (हा दुसरा बेयो, विशीतला पिचर). आणि खरी गंमत पुढे आहे. उरलेल्या कराराचे २५ कोटी डॉलरहून जास्त पैसे जायंट्सच देणार.

यांकीजना झोपवल्याच्या दिवशी! निदान एक रात्र तरी आनंदात झोपू द्यायचं होतं माणसांना.

रात्री उशिरा दादाचा पुण्याहून फोन. त्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्यामुळे डेव्हर्स हे नाव माहीत आहे.

"म्हणजे त्याला विचारलंच नाही?"

"नाही रे. सांगितलं फक्त."

"अगं, आयपीएलमध्येसुद्धा खेळाडूचा होकार लागतो. हार्दिकला गुजरातहून मुंबईत आणला तो त्याच्या मर्जीनंच. मग वानखेडेवर पब्लिकनं त्याची हुर्यो उडवली ती गोष्ट वेगळी."

इथे अमेरिकेत नकार द्यायचा हक्क कमवावा लागतो. दहा वर्षं मेजर लीगमध्ये काढलेली हवीत आणि त्यातली शेवटची पाच त्याच टीमकडे, किंवा मग करारात तसं कलम आधीच लिहून घेतलेलं हवं. हा दहा-पाचचा नियमसुद्धा फुकट मिळालेला नाही. १९६९ मध्ये सेंट लुइसच्या टीमनं कर्ट फ्लड या खेळाडूला फिलाडेल्फियाला पाठवलं तेव्हा त्यानं साफ नकार दिला. मी काही कुणाची मालमत्ता नाही, अशा अर्थाचं पत्र त्यानं कमिशनरला लिहिलं आणि मामला सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. १९७२ मध्ये तो ५-३ नं हरला. तोवर करिअर संपलंच होतं. पुढच्याच वर्षी खेळाडूंच्या करारात दहा-पाचचा नियम आला. डेव्हर्स २०१७ पासून खेळतोय, म्हणजे दहा वर्षांत बसत नाही.

दादानं शेवटी विचारलं, "मग टीमला फायदा झाला की तोटा?" आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा तोंडातून निघालं ते सगळं पगाराचं. किती कोटी मोकळे झाले, लक्झरी टॅक्सची रेषा (पगाराची बेरीज तिच्यावर गेली की टीमला कर भरावा लागतो) कुठे आहे, हॅरिसन किती वर्षं स्वस्तात मिळणार. फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला. मालक जॉन हेन्री. त्याचे पैसे वाचले याचा हिशेब मी का मांडतेय? त्या पेढीवरची मी बिनपगारी दिवाणजी आहे का? तिकिटाचे, पार्किंगचे आणि टीव्ही चॅनलचे पैसे उलट मीच भरते.

बुधवार, १८ जून

दोन दिवस गाडीतल्या रेडिओवर डेव्हर्सशिवाय दुसरं काही ऐकलेलं नाही. अपेक्षेप्रमाणे गाडी बरोबर त्याच रुळावरून चालली आहे. पहिल्या दिवशी धक्का. दुसऱ्या दिवशी "सूत्रांकडून समजतं": डेव्हर्स नेता नव्हता, डेव्हर्स रुसून बसला होता, तरुण मुलांसमोर वाईट उदाहरण ठेवत होता. आज सकाळी तर एकानं त्याच्या वजनावरूनही तोंडसुख घेतलं. माणूस गेला की त्याच्यामागे धोंडे मारायला बॉस्टनचा हात कुणी धरू शकत नाही. आणि ही सूत्रं कोण, तर ज्यांनी त्याला पाठवलं त्यांच्याच खोलीतली असणार, दुसरीकडून कुठून येतील?

मुळात झालं काय ते क्रमानं लिहून ठेवते, कारण महिन्याभरात सगळे सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतील.

जानेवारी २०२३ मध्ये दहा वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार. फील्डिंगला थर्ड बेस ही त्याची जागा. यंदा फेब्रुवारीत टीमनं अॅलेक्स ब्रेगमनला आणलं, तोही थर्ड बेसचाच, आणि फील्डिंगला निःसंशय सरस. डेव्हर्स आधी नाही म्हणाला, मग ऐकलं. ग्लोव्ह ठेवून दिला आणि नुसता बॅटिंगला उभा राहिला. सीझनच्या सुरुवातीला १९ वेळा प्रयत्न करून एकही हिट नाही, १५ वेळा स्ट्राइकआउट. स्ट्राइकआउटची खूण इंग्रजी के, त्यामुळे माझ्या वहीची ती पानं म्हणजे केच्या बाराखडीचा सराव वाटावा अशी आहेत. मग सावरला, आणि काल-परवापर्यंत टीममधला सगळ्यात भरवशाचा बॅटर तोच होता: १५ होमरन, ५८ आरबीआय (म्हणजे त्याच्या बॅटिंगवर आलेले रन). मेच्या सुरुवातीला फर्स्ट बेसवरच्या ट्रिस्टन कासासचा गुडघा गेला. तर आता फर्स्ट बेस खेळशील का, म्हणून विचारणा. डेव्हर्स चिडला. ग्लोव्ह ठेवून दे असं तुम्हीच सांगितलंत ना, असं तो दुभाष्यामार्फत पत्रकारांसमोर बोलला. दुसऱ्या दिवशी हेन्रीसाहेब स्वतः विमानानं कॅन्सस सिटीला त्याला भेटायला गेले.

आता यात त्याचं काहीच चुकलं नाही असं मी म्हणत नाही. एवढा पगार घेणाऱ्यानं, टीम अडचणीत असताना, चार दिवस फर्स्ट बेसवर उभं राहून बघायला हरकत नव्हती. पण त्याला सांगायची पद्धत? घरात नवी सून आणली की जुनीनं आपोआप माळ्यावर जायचं, असा तो एकूण कारभार होता.

सोमवारच्या पत्रकार परिषदेत टीमचे मुख्य कारभारी क्रेग ब्रेस्लो म्हणाले की सीझनच्या शेवटी मागे वळून बघताना या टीमनं उलट जास्त मॅचेस जिंकलेल्या असू शकतात. असतीलही. मला त्या वाक्याचा त्रास नाही. ते एकदा बोललं गेल्यावर दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच गणित फिरायला लागलं, त्याचा आहे.

इथे एक गोष्ट बाहेरच्या लोकांना सांगितली की खोटी वाटते. बॉस्टन ग्लोब हे शहराचं मोठं वर्तमानपत्र जॉन हेन्रीचंच आहे. २०१३ मध्ये त्यानं ते न्यूयॉर्क टाइम्सकडून ७ कोटी डॉलरला घेतलं. टाइम्सनं तेच १९९३ मध्ये ११० कोटींना घेतलं होतं, म्हणजे वर्तमानपत्रांचे दिवस कसे फिरले ते त्या एका व्यवहारात दिसतं. मॅचेस दाखवणारा नेसन चॅनल, त्यातही मोठा हिस्सा हेन्रीच्याच कंपनीचा. (लिव्हरपूल फुटबॉल क्लबही तिचाच. माझा भाचा लिव्हरपूलचा भक्त आहे, आमची भक्ती एकाच गल्ल्यात जाते.) ग्लोबचे काही बेसबॉल लेखक मालकावर सरळ टीका करतात, हेही खरं, आणि त्याबद्दल त्यांना मानते. पण टीका खेळाडूची असली की ती कशी घरंगळत, आपोआप येते, आणि मालकाची असली की कशी मोजूनमापून येते, हा फरक रोज वाचणाऱ्याला कळतो.

शनिवार, २१ जून

वेळापत्रक बनवणाऱ्याला नाटक लिहायला बसवायला हवं. ट्रेड, म्हणजे ही अदलाबदल, होऊन आठवडा नाही झाला तोच रेड सॉक्स सॅन फ्रान्सिस्कोत. काल आपण जिंकलो. आज समोर पिचर कोण, तर ब्रायन बेयो, गेल्या रविवारी डेव्हर्सच्या होमरनची साथ घेऊन जिंकलेला. आणि डेव्हर्सनं त्यालाच दोन रनांचा होमरन मारला. डाव्या बाजूला, उलट्या मैदानात, त्याच्या त्या ओळखीच्या सुस्त स्विंगनं, जणू झोपेतून उठून माशी हाकलावी. जायंट्स ३-२.

मी तो चौकोन भरला. पाहुण्यांचा असो की आपला, होमरन तो होमरन.

गेल्या वर्षी या वहीत एक पान असं आहे की नवीन माणसाला दाखवलं तर मी चुकीचं लिहिलंय असंच तो म्हणेल. २६ जून २०२४ ला फेनवेवर टोरांटोविरुद्धची मॅच दुसऱ्या इनिंगमध्ये पावसानं थांबली, तेव्हा बॅटिंगला टोरांटोचा डॅनी जॅन्सन उभा होता. महिन्याभरात टोरांटोनं जॅन्सनला बॉस्टनला दिलं. ऑगस्टच्या २६ तारखेला तीच मॅच तिथूनच पुढे सुरू झाली, तेव्हा त्याच्या अर्धवट राहिलेल्या बॅटिंगला टोरांटोचा दुसराच कुणीतरी आला आणि मागे विकेटकीपरसारखा बसलेला कॅचर कोण? जॅन्सन! एकाच मॅचमध्ये दोन्ही टीमकडून खेळलेला मेजर लीगमधला पहिला माणूस. माझ्या पानावर त्याचं नाव दोन्ही रकान्यांत आहे.

रात्री झोप येईना म्हणून जुनं आठवत बसले. बॉस्टनच्या लोकांना ट्रेड म्हटलं की बेब रूथ आठवतो, पण तो ट्रेड नव्हताच, रोख विक्री होती. १९१९ च्या डिसेंबरात एक लाख डॉलरला यांकीजना दिला, वर फेनवे गहाण ठेवून कर्जही घेतलं. मग १९१८ नंतरचं अजिंक्यपद थेट २००४ मध्ये. त्या ८६ वर्षांना 'शाप' म्हणायची पद्धत मात्र बरीच अलीकडची, तीसुद्धा लिहिणाऱ्यांनी रुजवलेली. वाईट मॅनेजमेंटपेक्षा शाप विकायला सोपा.

माझं स्वतःचं दुखणं रूथ नाही, मूकी बेट्स आहे. २०१८ चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), त्याच वर्षीचं अजिंक्यपद, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये डेव्हिड प्राइसच्या जोडीला त्यालाही लॉस एंजेलिस डॉजर्सकडे धाडला. आले व्हर्डुगो, वाँग आणि जीटर डाउन्स. डाउन्सचं नाव यांकीजच्या डेरेक जीटरवरून ठेवलेलं, हा आणखी एक टोमणा. तिघांपैकी आज इथे फक्त वाँग उरलाय. बेट्सनं तिकडे त्याच उन्हाळ्यात साडेछत्तीस कोटींचा बारा वर्षांचा करार केला आणि डॉजर्सबरोबर २०२० आणि २०२४ ची अजिंक्यपदं जिंकली. तेव्हाही आम्हाला समजावलं होतं की तो थांबणारच नव्हता, की टॅक्सची २० कोटी ८० लाखांची रेषा ओलांडून चालणार नाही. आम्ही मान डोलावली. समजूतदार चाहता म्हणवून घ्यायची हौस भारी असते.

तरी दर वेळी मालकच चुकतो असंही नाही. ३१ जुलै २००४ ला आमचा लाडका नोमार गार्सियापारा ट्रेडमध्ये गेला तेव्हा हे शहर रडलं होतं. त्याच दिवशी डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक पळणारा माणूस आला, त्याची कुणी धड दखलही घेतली नाही. ऑक्टोबरात यांकीज मालिकेत ३-० नं पुढे, चौथ्या मॅचची नववी इनिंग, आपण एका रननं मागे, समोर त्यांचा पिचर रिव्हेरा. आपल्या मिलारला वॉक मिळाला, म्हणजे फुकटात फर्स्ट बेस, आणि त्याच्या जागी रॉबर्ट्स पळायला आला. सगळ्या मैदानाला ठाऊक की हा सेकंड बेस चोरणार, म्हणजे पिच सुटताच तिकडे पळणार. रिव्हेरानं तीनदा फर्स्टला बॉल फेकून बघितला. मग बॅटरला पहिला पिच, आणि हा सुटला. त्यांचा कॅचर पोसाडाचा थ्रो चांगला होता, सेकंड बेसवर जीटरचा टॅग अर्ध्या श्वासानं उशिरा. तिथून सगळं फिरलं. तो रॉबर्ट्स आज डॉजर्सचा मॅनेजर आहे, म्हणजे बेट्सचा साहेब.

त्या ट्रेडला त्या दिवशी कुणी किती मार्क दिले होते? आता ट्रेड झाल्यावर तासाभरात प्रगतिपुस्तक येतं. बी प्लस, सी मायनस. अजून पोराची बॅग भरून झालेली नसते.

गुरुवार, ३१ जुलै

संध्याकाळी सहाला ट्रेडची मुदत संपली. दुपारपासून ऑफिसात कुणाचं कामात लक्ष नव्हतं, माझंही नाही. टीव्हीवाल्यांचा या आठवड्यातला आवडता उद्योग म्हणजे डगआउटवर कॅमेरा लावून कोण कुणाला मिठी मारतंय ते बघणं. मिठी दिसली की तर्क सुरू.

याच तारखेच्या दोन दिवस आधी, २०१५ मध्ये, न्यूयॉर्क मेट्सच्या विल्मर फ्लोरेसचं झालं ते मी विसरलेली नाही. मॅच चालू असताना बातमी फुटली की त्याला मिलवॉकीला दिलंय. त्याला सांगितलं कुणी, तर स्टँडमधल्या लोकांनी, हातातल्या फोनवर वाचून. तो बॅटिंगला आला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग फील्डिंगला शॉर्टस्टॉपच्या जागी उभा राहून तो डोळे पुसत होता, आणि कॅमेरा सरकायला तयार नाही. सोळाव्या वर्षी मेट्सनी त्याला करारबद्ध केलं होतं, दुसरं घर त्याला माहीतच नव्हतं. शेवटी मेडिकल तपासणीवरून तो ट्रेडच फिसकटला. ३१ जुलैला त्याच फ्लोरेसनं बाराव्या इनिंगमध्ये मॅच संपवणारा होमरन मारला आणि होम प्लेटकडे येताना छातीवरचं 'मेट्स' मुठीत धरून ओढलं. आज तो जायंट्समध्ये डेव्हर्सचा सोबती आहे. आणि डेव्हर्स गेल्या आठवड्यात तिथे काय खेळायला लागला? फर्स्ट बेस. हसावं की रडावं.

आमच्याकडची आजची बातमी: डस्टिन मे हा पिचर आला, डॉजर्सकडून. बदल्यात गेलेल्यांत जेम्स टिब्स. तोच टिब्स, २०२४ च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) पहिल्या फेरीतला, जूनमध्ये ज्याच्याकडे बोट दाखवून आम्हाला भविष्य दाखवलं होतं. दीड महिना राहिला. फेनवेवर खेळायची वेळही आली नाही बिचाऱ्यावर. डेव्हर्सच्या बदल्यात काय मिळालं, ही यादी आता दर सीझनला नव्यानं लिहावी लागणार असं दिसतंय.

ह्यूस्टननं कार्लोस करेआला मिनेसोटाकडून परत नेलंय, पगारातले ३ कोटी ३० लाख डॉलर मिनेसोटा भरणार. त्याच्या करारात नकाराचं कलम होतं, म्हणून त्याला विचारावं लागलं. जुनी टीम म्हटल्यावर तो हो म्हणाला, आणि शॉर्टस्टॉप सोडून थर्ड बेस खेळायलाही तयार झाला. विचारलं की माणसं तयार होतात, एवढंच मी दादाला मेसेज करून टाकलं. तो म्हणतो, आता कोण करेआ?

उद्या ह्यूस्टन इथेच येतंय, फेनवेवर. ह्यूस्टनच्या २०१७ च्या साइन चोरीची (समोरच्या कॅचरच्या गुप्त खुणा चोरल्याची) आठवण ठेवून पब्लिक करेआची हुर्यो उडवणारच, त्या वेळी ह्यूस्टनचा बेंच कोच आपलाच आत्ताचा मॅनेजर कोरा होता हे सोयीस्करपणे विसरून. वहीचं नवं पान आखून ठेवलंय. पेन्सिल कुणीतरी पळवलीये, ती शोधायला हवी.