'हळद' या एका शब्दापायी गेलेलं वर्ष

सांगलीत हळद विकतोय म्हटल्यावर गूगलवर 'हळद' टाकलं की आपलं दुकान दिसावं, असं वाटणारच. मलाही वाटलं. गणपती पेठेतलं आमचं दुकान आजोबांच्या वेळचं, वेबसाइट मी काढली लॉकडाऊननंतर. पानं सहा, माल तीन तऱ्हेचा: राजापुरी हळकुंड, सेलम हळकुंड आणि दळलेली हळद. हट्ट मात्र असा की 'हळद' आणि 'हळद पावडर' या दोन शब्दांवर पहिल्या पानावर यायचंच.

हट्टाला खतपाणी घातलं गूगलच्या कीवर्ड प्लॅनरनं, म्हणजे लोक कोणते शब्द (कीवर्ड) किती शोधतात ते जाहिरातदारांना दाखवणाऱ्या साधनानं. त्यात एका शब्दापुढं स्पर्धा 'कमी' दिसली आणि मी हरखलो. तो रकाना जाहिरातदारांची चढाओढ दाखवतो, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे त्या शब्दावर जाहिरात लावायला किती जण टपलेत एवढंच. बिनपैशाच्या निकालात वर यायला सोपं की अवघड, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

पाच-सहा महिने मी त्या एका पानावर मजकूर रचत बसलो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेही लिहिलं, सौद्यांचं, म्हणजे हळदीच्या लिलावांचं लिहिलं, भावाचं लिहिलं. आपली साइट कोणत्या शब्दाला कितव्या क्रमांकावर दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये 'हळद'साठी आमचा सरासरी क्रमांक ऐंशीच्या पुढं. तिथवर कोण येतंय? मग फोन यायला लागले आणि मी खूश झालो. पण पलीकडून प्रश्न यायचा, "दादा, आज सौद्यात क्विंटलला काय निघाला?" शेतकरी! त्यांना हळद विकायची होती, मला पण विकायचीच होती. मजकुरात मी 'सांगली हळद भाव' इतक्यांदा घातलं होतं की गूगलनं बिचाऱ्यांना माझ्याकडं पाठवलं. आमच्या घरचे वडीलधारे आण्णा तेवढे खूश. रोज दहा मिनिटं कुणाशी तरी भावावर बोलायला मिळायचं.

तेव्हा पहिल्यांदा शांतपणे बसून 'हळद' शोधून बघितलं. विकिपीडिया, आरोग्याचे लेख, लागवडीची माहिती, मोठ्या शॉपिंग साइट, लग्नातल्या हळदीचे फोटो. त्या एका शब्दामागं पाच तऱ्हेची माणसं उभी होती आणि त्यातल्या एखाद्यालाच अर्धा किलो हळद हवी होती. उद्या मी पहिला आलो असतो तरी बाकीचे चौघं आल्या पावली परतले असते.

मग दुसरं टोक. एका एजन्सीनं सांगितलं, सहा महिन्यांत पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी. अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, असं गूगलच स्पष्ट सांगतं, पण ते वाचायला मी पैसे देण्याआधी गेलो नाही. त्यांनी शब्द पाळला! 'सर्वोत्तम शुद्ध राजापुरी हळद पुरवठादार सांगली महाराष्ट्र' यावर आम्ही पहिले. असं टाइप करणारा माणूस जन्माला यायचाय. वर त्यांनी कीवर्डच्या मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या यादीत चाळीस शब्द कोंबले होते. तो टॅग आपण क्रमवारीसाठी बघत नाही, हे गूगलनं २००९ मध्येच सांगून टाकलंय.

उपाय सापडला तो गल्ल्याशेजारच्या वहीत. दुकानाचे फोन आई घेते आणि विसरायला नको म्हणून लिहून ठेवते. नाव, गाव, माल आणि त्याखाली तिरक्या अक्षरात गिऱ्हाइकानं काय विचारलं ते. 'मिक्सरला दळतं का.' 'चार माणसांना वर्षाला किती.' 'राजापुरी का सेलम, लोणच्याला.' 'पॉलिश केलंय का, रंग लावलाय का.' मी तीन वर्षं कीवर्ड शोधत होतो आणि ते आई बॉलपेननं लिहीत होती.

पहिलं पान मिक्सरवर लिहिलं. लिहिण्याआधी आईनं करून दाखवलं. हळकुंडं दोन दिवस उन्हात, मग खलबत्त्यात हरभऱ्याएवढे तुकडे, कारण अख्खं हळकुंड टाकलं तर पातं जातं. मिक्सर थोडा थोडा वेळच चालवायचा, भांडं तापलं की थांबायचं, मग वस्त्रगाळ करायचं आणि राहिलेला भरडा परत फिरवायचा. भांड्याचं झाकण पिवळं झालं ते झालंच, त्याचा फोटोही टाकला. एवढं करण्यापेक्षा कांडपावर द्या किंवा आमच्याकडून दळून घ्या, हेही खाली लिहिलं. महिना-दीड महिन्यात ते पान वर सरकायला लागलं. मोठ्या साइटवाल्यांना त्या प्रश्नाशी कर्तव्य नव्हतं, आणि विचारणाऱ्याच्या हातात हळकुंड होतं किंवा येणार होतं.

तेव्हापासून सर्च कन्सोल बघायची माझी पद्धत बदलली. क्रमांक अकरा ते वीसमधले, म्हणजे साधारण दुसऱ्या पानावरचे शब्द आधी बघतो. तिथं आपण दाराशी आलेलो असतो, पान थोडं नीट केलं, शीर्षक गिऱ्हाइकाच्या भाषेत लिहिलं की आत जाता येतं. अर्थात लहान शब्द, म्हणजे मोजकेच लोक शोधतात तो, चांगलाच असतो असं मी मानत नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांवर मी हौसेनं लिहिलं, तेही वर आलं. वाचणारे भरपूर, २००५च्या पुरात गेलेल्या पेवांबद्दल विचारणारेही भेटले, ऑर्डर एकही नाही. ते पान मी काढलं नाही, पण त्याला मी धंदा म्हणत नाही.

'हळद पावडर'चं पानही आहेच. अजून मागंच आहे कुठंतरी, पण सगळ्या लहान पानांवरून लिंक तिकडं जाते, भाव तिथं आणि ऑर्डरही तिथंच होते. त्या शब्दावर वर येण्यासाठी वेगळा रुपया घालत नाही.

परवा वहीत नवीन ओळ दिसली: 'भोकं पडलीत, भुगा निघतोय, वापरू का.' इचलकरंजीच्या एक बाई. पान लिहायला घेतलंय, फक्त फोटो अडलाय. त्यासाठी किडलेलं हळकुंड पाहिजे, आणि ते आमच्या दुकानात शोधायला आण्णा मला पोत्यांजवळ फिरकू देत नाहीत.