आमची वाटचाल : पॉलिश पेपर ते फ्लॅप डिस्क

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी पॉलिश पेपर आणि बफ (चकाकी आणायची कापडी चाकं) विकायला घेतले, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे सुतार आणि इंजिनाचे सुटे भाग करणारे. पुढे एसएस म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगची कामं वाढली, शेडशेडमध्ये चार इंची ग्रायंडर आला आणि त्याला लागणाऱ्या फ्लॅप डिस्कवर, म्हणजे घासायच्या पट्ट्या बसवलेल्या चकतीवर, आमचं घर चाललं. मधली वर्षं बरी गेली.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीतल्या गोडाऊनमध्ये शिरलं. शिरोलीजवळ हायवे बंद, नवा माल येईना. पाणी ओसरलं तेव्हा घासायच्या बेल्टचे जोड उकललेले, बफ कुजलेले. कटिंग व्हील, म्हणजे धातू कापायची चाकं, मात्र नव्यासारखी दिसत होती. वाळवून विकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण चाकाचे दाणे धरून ठेवणारं रेझिन ओल धरतं आणि चाकाचा जीव जातो. ग्रायंडर मिनिटाला 11,000 फेरे घेतो, चाकाच्या काठाचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर असतो. तिथं चाक फुटलं तर कारागिराचा डोळा गेलाच. आम्ही एकूण एक चाक हातोडीनं फोडलं.

आणि त्याच दिवसांत बाजारातल्या एका दुकानदारानं उठवलं, की आम्ही पुराचा माल वाळवून खपवतोय! हे मला आजही सहन होत नाही. जुनी गिऱ्हाइकं फोन उचलेनात. उधारी मागायला गेलो तर ‘आधी तुमचा माल परत न्या’ असं ऐकावं लागलं.

गोकुळ शिरगावचे एक फॅब्रिकेटर आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. चाकं फोडताना ते हजर होते. त्यांनी शेडशेडमध्ये जाऊन सांगितलं, ‘मी डोळ्यांनी बघितलंय.’ वर पुढच्या मालाचे पैसे आगाऊ दिले. त्यावर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून माल उचलला आणि शटर पुन्हा वर गेलं.

मामांचा पाइप आरशासारखा निघतो, कारण ते पेपरचे नंबर गाळत नाहीत; नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. नव्या पोरांनी हे ऐकावं : 80 वरून थेट 320 वर जाऊ नका, मध्ये 120 आणि 240 मारा. नाहीतर जाड रेघा तशाच राहतात आणि हिरवा लस्टर (चकाकीचा मसाला) लावून बफ मारला की उठून दिसतात. एमएसवर, म्हणजे साध्या लोखंडावर, घासलेली डिस्क एसएसला लावू नका, गंजाचे ठिपके येतात. कटिंग व्हीलच्या मधल्या रिंगवर मुदतीची तारीख असेल तर ती वाचूनच पैसे द्या. आणि पावसाळ्यात बेल्ट फरशीवर टाकू नका. आमचं गोडाऊन आता वरच्या मजल्यावर आहे. अजूनही कुणाला शंका असेल तर त्यानं येऊन रॅक तपासावेत.