हिशेब जुलैचा: आमची वाटचाल

आलापल्लीत इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान, ही आमची सुरुवात. गडचिरोलीच्या दक्षिण भागात लाइट गेली की कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे गिऱ्हाईक कमी पडलं नाही. पुढे २०१४ मध्ये नक्षलग्रस्त भागांतल्या मोबाइल टॉवरना केंद्राने मंजुरी दिली आणि जंगलातल्या गावांत सौर पॅनेलवरचे टॉवर उभे राहू लागले. देखभालीला माणसं हवी होती. मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली आम्ही ते काम धरलं.

आमच्याकडे खरी परीक्षा पावसाळ्यात असते. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो. अलीकडे हेमलकसा, पलीकडे भामरागड, आणि मधला रस्ता बंद. कुणी बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, तर त्या वेळी फोन हाच आधार. नेमकं तेव्हाच ऊन नसतं आणि डिझेलची गाडीही पोचत नाही.

म्हणून टॉवरचा हिशेब आम्ही मे महिन्यावर नाही, जुलैवर मांडतो. १ किलोवॉट लोड असेल तर दिवसाला २४ युनिट लागतात. १ किलोवॉटचं पॅनेल उन्हाळ्यात ४-५ युनिट देतं, झड लागली की एक-दीडवर येतं. नुसती पॅनेल वाढवून ही तूट भरत नाही. पावसाआधीच डिझेल भरून ठेवायचं आणि ढगाळ दिवसांत डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, थोडाच वेळ, पण चांगल्या लोडवर चालवून बॅटरी चार्ज करून घ्यायची. हलक्या लोडवर रात्रभर चालणारा डीजी डिझेल खातो आणि काजळी धरतो.

सगळ्यात जास्त जीव आम्ही बॅटरीवर लावतो. लेड-ॲसिड बँकेत, म्हणजे बॅटरीच्या संचात, २ व्होल्टचे २४ सेल एकामागे एक जोडलेले असतात. फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी हलक्या चार्जिंगवर ठेवलेली असताना, प्रत्येकाला साधारण २.२५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवीस बरोबर आणि एक १.९ दाखवत असेल, तर तो एकटा सगळ्या बँकेला खाली ओढतो. नवीन पोराच्या हातात आधी मल्टीमीटर आणि वही देतो. ‘बॅटरी खराब’ हा शेरा आमच्याकडे चालत नाही, कितवा सेल ते लिहावं लागतं. उष्णतेचंही तसंच. २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे या बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि आमचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून सावली आणि खेळती हवा यांचे पैसे आम्ही कोटेशनमधून कधीच वगळत नाही.

एका ठेकेदाराने बिलं अडवली, त्या वर्षी दुकानाच्या गल्ल्यातून पगार केले. माणसं टिकली, हे महत्त्वाचं.

एप्रिल २०२२ मध्ये नक्षलग्रस्त भागांतल्या २,३४३ टॉवरना टूजीवरून फोरजीवर नेण्याला मंजुरी मिळाली. फोरजी आलं की लोड वाढतो आणि जुनी पॅनेल अपुरी पडतात. तिथे आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुचवतो. महाग आहे, पण लेड-ॲसिडमधली निम्मी क्षमताच वापरावी लागते, यात ८० टक्के वापरता येते. वजनही निम्म्याहून कमी, आणि नाल्यातून खांद्यावर बॅटरी नेणाऱ्याला त्याची किंमत कळते.

आता आमची बरीच पोरं त्याच गावांतली आहेत, आयटीआय झालेली, घरी माडिया बोलणारी. पावसाळ्यात पर्लकोटेपलीकडे आमचा एक माणूस आणि सुट्या भागांची एक पेटी कायम असते. येत्या जूनआधी एटापल्लीकडेही तशीच सोय करतो आहोत.